अंगणातला अ‍ॅश ठेवावा की काढावा?

प्रश्न थोडक्यात असा होता. शिकागोजवळ शॉमबर्गला गेल्या ऑक्टोबरात घर घेतलं. पुढच्या अंगणात अ‍ॅशचं मोठं झाड आहे. घर बघायला गेलो तेव्हा ते बाहेरून जांभळं आणि आतून पिवळं-केशरी झालं होतं, आणि बायकोने घर पसंत केलं ते निम्मं त्या झाडामुळे. आता हिवाळ्यात फांद्यांना तपकिरी, वाळक्या गुच्छांसारखं काहीतरी लटकलेलं दिसतंय. शेजारी म्हणतात, एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या किडीमुळे अ‍ॅश आज ना उद्या मरणारच, काढून टाका. एका कंपनीने तर झाड न बघता फोनवरच तोडण्याचा खर्च सांगितला. झाड इथलंच, देशी आहे म्हणतात, मग एवढं नाजूक कसं? ठेवायचं तर निगा काय राखायची? आणि उन्हाळ्यात मोगऱ्याच्या कुंड्या त्याखाली ठेवल्या तर त्यांना ही कीड लागेल का?

मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकले, २००४ साली मिशिगनला आले आणि तेव्हापासून डेट्रॉइटच्या आसपास झाडांचंच काम करते. त्यातली पहिली काही वर्षं जवळजवळ फक्त अ‍ॅश तोडण्यात गेली. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला जरा लांबूनच द्यावं लागेल.

तुम्ही निगेबद्दल विचारलंय, पण त्याआधी एक निर्णय घ्यायचा आहे. हे झाड ते असेपर्यंत औषधावर ठेवायची तुमची तयारी आहे का? असेल तर बाकीची निगा सोपी आहे. नसेल तर कितीही पाणी, कितीही खत घाला, ते वाचणार नाही. मग ते धडधाकट असतानाच काढणं बरं. मधला मार्ग, म्हणजे ‘बघू या, दोन-तीन वर्षं जाऊ देत’, हा सगळ्यात महागात पडतो. का, ते पुढे सांगते.

आधी झाड अ‍ॅशच आहे याची खात्री करा. मला आलेल्या दहा फोनपैकी एक-दोन तरी भलत्याच झाडाचे निघतात. अ‍ॅशचं पान कडुनिंबासारखं संयुक्त असतं, एका देठावर ५ ते ९ पर्णिका, बहुतेकदा ७. पण कडुनिंबाची पानं फांदीवर एकाआड एक येतात, अ‍ॅशची समोरासमोर. आत्ता पानं नसली तरी बारीक फांदीवरचे डोळे बघा, तेही जोडीजोडीनेच असतील. जुन्या खोडाच्या सालीवर शंकरपाळ्यासारख्या चौकटींची जाळी दिसते. काळा अक्रोड किंवा ‘ट्री ऑफ हेवन’ यांची पानं लांबून अशीच वाटतात, पण ती एकाआड एक असतात. आणि ‘माउंटन अ‍ॅश’ या नावाने जे लाल-केशरी फळांचं झाड विकतात त्याचा अ‍ॅशशी काही संबंध नाही. ते गुलाबाच्या कुळातलं आहे, त्याला ही कीड लागतच नाही.

तुम्ही सांगितलेल्या रंगावरून तुमचं झाड व्हाइट अ‍ॅश असावं, आणि बहुधा त्यातली ‘ऑटम पर्पल’ ही निवड जात. पानाची खालची बाजू फिकट पांढुरकी म्हणून व्हाइट. ही जात विस्कॉन्सिनमध्ये निवडली गेली, पानगळीच्या रंगासाठी आणि ती नर असल्यामुळे. अ‍ॅशमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आपल्याकडच्या पपईसारखी. मादीला वल्ह्याच्या आकाराच्या पंखवाल्या बियांचे घोस लागतात आणि पन्हाळी तुंबतात. नर झाड लावलं की तो त्रास नाही, म्हणून उपनगरांच्या रस्त्यांवर ही जात भरभरून लावली गेली.

तुमच्या फांद्यांवरचे वाळके तपकिरी गुच्छ हीच गोष्ट सांगतात. त्यांना फुलगाठी म्हणू या. डोळ्यांना न दिसणारी एक कोळी-कीड (माइट) वसंतात नरफुलांत शिरते, फुलं फुगून वेडीवाकडी होतात आणि वाळून हिवाळाभर तशीच लटकतात. दिसायला वाईट, पण झाडाला काही अपाय नाही. त्यावर कोणी फवारणी विकायला आलं तर घेऊ नका.

आता शेजाऱ्यांच्या म्हणण्याकडे. ते चूक नाहीत, अर्धवट बरोबर आहेत. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा पूर्व आशियातला भुंगेरा. जेमतेम अर्धा इंच लांब, हिरवाकंच, धातूसारखा चकाकणारा. बहुधा जहाजातून आलेल्या लाकडी खोक्यांतून तो मिशिगनमध्ये उतरला. २००२ साली डेट्रॉइटजवळ तो ओळखला गेला, पण मेलेल्या झाडांच्या वर्तुळांवरून नंतर कळलं की तो नव्वदच्या दशकापासूनच इथे होता. इलिनॉयमध्ये तो २००६ साली सापडला. तेव्हापासून अमेरिकेत आणि कॅनडात कोट्यवधी अ‍ॅश मेले. २०१७ साली व्हाइट अ‍ॅशसह इथल्या पाच अ‍ॅश जाती अतिसंकटग्रस्त म्हणून जागतिक यादीत गेल्या. घरोघरी असलेलं झाड वीसेक वर्षांत त्या यादीत जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि अजून ते मला पचलेलं नाही. त्याच पाच जातींतल्या ब्लॅक अ‍ॅशच्या खोडाच्या पट्ट्या काढून इथले अनिशिनाबे हे मूळनिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या विणत आलेत. त्यांच्यासाठी तर हे घरातलं माणूस जाण्यासारखं आहे.

देशी झाड एवढं नाजूक कसं, हा तुमचा प्रश्न मला फार योग्य वाटला. देशी म्हणजे इथल्या मातीशी, थंडीशी, इथल्या किडींशी जुळवून घेतलेलं. मांचुरियातला अ‍ॅश या भुंगेऱ्याबरोबरच वाढला, त्यामुळे सालीत अळी शिरली तर तिला कसं रोखायचं हे त्याला येतं. इथल्या व्हाइट अ‍ॅशची आणि त्याची गाठच कधी पडली नव्हती. झाड नाजूक नाही, त्याला हा शत्रू अनोळखी आहे.

कोकणातल्या माणसाला हे समजावणं सोपं जातं. आंब्याला भिरूड लागतो, काजूला रोठा लागतो. तिथे खोडातून भुसा बाहेर पडतो, भोक दिसतं, आपण तार घालून अळी काढतो, औषधाचा बोळा घालून भोक लिंपतो. इथे तेच करायला जाल तर काही उपयोग नाही. या अळीचा भुसा बाहेर पडतच नाही. ती सालीच्या लगेच खाली, जिथून पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरतं त्या थरात, नागमोडी वाटा कोरत जाते. शेकडो अळ्यांच्या वाटा एकमेकींना मिळाल्या की झाडाला आतून गोल पट्टा पडतो. बाहेर जे भोक दिसतं ते भुंगेरा उडून गेल्यावरचं. एक बाजू सपाट, दुसरी गोल, इंचाच्या आठव्या भागाएवढं. म्हणजे भोक दिसेपर्यंत आतली अळी मोठी होऊन निघूनही गेलेली असते. (गोल भोकं दिसली तर घाबरू नका, ती इथल्या जुन्या, कमी त्रासदायक किडींची असतात.)

शिवाय सुरुवात शेंड्याकडून होते, माणसाच्या नजरेच्या उंचीवर नाही. म्हणून खोडाजवळ भोकं शोधत बसू नका, वर बघा. शेंडा विरळ झालाय का? खोडावर किंवा मोठ्या फांद्यांवर अचानक कोवळे फुटवे निघालेत का? आणि हिवाळ्यात सगळ्यात भरवशाची खूण सुतारपक्ष्यांची. अळ्या खायला ते वरची करडी साल सोलतात आणि खोडावर फिकट, पिवळट चट्टे उठतात. तुमच्या झाडावर आत्ता असे चट्टे आहेत का, हे दुर्बिणीतून आजच बघा.

आता औषधाबद्दल. सगळ्यात खात्रीचं आहे ते एमामेक्टिन बेंझोएट. नाव ओळखीचं वाटेल. महाराष्ट्रात वांग्यावरच्या, कपाशीवरच्या अळीसाठी शेतकरी हेच फवारतात. इथे ते फवारत नाहीत. खोडाच्या बुंध्याशी, मुळं फाकतात तिथे, चहूबाजूंनी छोटी भोकं पाडून दाबाने आत सोडतात. झाडाच्या पाण्याबरोबर ते वर चढतं, फांद्यांत आणि पानांत पोचतं. एकदा दिलं की दोन वर्षं पुरतं, आणि आसपासचे बहुतेक अ‍ॅश मरून किडीचा जोर ओसरला असेल तर तीनही. हे परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. भोकं कुठे, किती खोल आणि खोडाच्या जाडीला किती औषध, यावर सगळं अवलंबून आहे. गावाकडून कोणी शेतीच्या औषधाची पुडी आणून दिली तरी ती झाडात घालू नका, त्याची घडणच वेगळी असते.

दुसरं इमिडाक्लोप्रिड, आंब्यावरच्या तुडतुड्यांचं औषध. ते बुंध्याशी मातीत ओततात, दरवर्षी द्यावं लागतं, लहान झाडाला ठीक, पण तुमच्यासारख्या मोठ्या झाडाला मी ते सुचवत नाही. बुंध्याभोवती फुलझाडं असतील तर त्यांच्या फुलांतूनही ते मधमाश्यांपर्यंत जातं.

आणि तिसरं आपलं कडुनिंब. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन खोडात टोचायचं औषध म्हणून मिळतं, कॅनडात ते बरंच वापरतात. किडीचा जोर कमी असेल तिथे चांगलं काम करतं, पण ते लवकर लवकर, जोर असेल तर दरवर्षी द्यावं लागतं. दुकानातलं नीमचं तेल पानांवर मारणं मात्र निरुपयोगी. अळी सालीखाली आहे, तेल पानावर राहतं.

मी तुम्हाला लगेच ‘औषध द्या’ म्हणत नाही, कारण ते तीन-चार गोष्टींवर ठरेल. पहिली म्हणजे झाडाची आजची तब्येत. औषध झाडाच्या नळ्यांतूनच वर चढतं, नळ्या तुटलेल्या असतील तर ते पोचणार कुठे? फांद्या-पानांचा घेर तीस टक्क्यांपर्यंत विरळ झाला असेल तर वाचवता येतं. निम्मा गेला असेल तर मी लोकांचे पैसे घेत नाही. हे ठरवायला जूनचा मध्य उत्तम. एक इशारा देऊन ठेवते: अ‍ॅशला पालवी उशिरा फुटते. एप्रिलअखेर शेजारच्या मेपलला पानं आणि तुमचं झाड उघडं, असं दिसलं तर ते मेलं असं समजू नका. मेच्या मध्यापर्यंत थांबा.

दुसरी गोष्ट, झाड तुमचं आहे का. फुटपाथ आणि रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात असेल, ज्याला तुमच्याकडे पार्कवे म्हणतात, तर ते बहुधा गावाच्या मालकीचं असतं. तोडायचं असो की टोचायचं, आधी त्यांना विचारा. तिसरी, आधीच्या मालकाने काय केलंय. तुमच्या भागात कीड येऊन इतकी वर्षं झाली आणि झाड ऑक्टोबरात भरगच्च जांभळं होतं, तर मला दाट शंका आहे की त्याला कोणीतरी औषध देत होतं. बुंध्याजवळ गवत बाजूला करून बघा. ठरावीक अंतरावर छोटी बुचं किंवा भरून आलेल्या गोल खुणा दिसतील, कधी एखादी पत्र्याची चकती ठोकलेली असते. आधीच्या मालकाला एक ईमेल टाका आणि शेवटचं औषध कोणत्या वर्षी दिलं ते विचारा. सगळ्या उत्तरात हे एक काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं आहे.

चौथी गोष्ट खर्चाची. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाला दोरी गुंडाळा, घेर इंचांत मोजा आणि ३.१४ ने भागा. ५० इंच घेर असेल तर व्यास साधारण १६ इंच. औषधाचा दर या व्यासाच्या इंचावर ठरतो. दोन-तीन जणांकडून भाव घ्या, पण फोनवरचा नको, झाडाखाली उभं राहून दिलेला घ्या. कोणतं औषध, किती मात्रा, परवाना कोणाचा, हे लेखी मागा. मग दर दोन वर्षांचा तो खर्च आणि तोडण्याचा खर्च समोरासमोर मांडा. निर्णय तुमचा. पैशांमुळे काढायचं ठरवलंत तरी त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

फक्त लांबणीवर टाकू नका. अ‍ॅश मेला की लाकूड फार लवकर सुकतं आणि ठिसूळ होतं. ओकचं झाड मेल्यावरही बराच काळ भार पेलतं, अ‍ॅश पेलत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने दोन हिवाळे थांबू म्हटलं. तिसऱ्या वसंतात वारा नसताना एक फांदी गॅरेजच्या छपरातून आत आली. मग आमच्यातला एकही माणूस त्या झाडावर चढायला तयार नव्हता, क्रेन आणावी लागली आणि खर्च कितीतरी पटीने वाढला.

माझीही एक खंत आहे. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही ठणठणीत झाडंसुद्धा सरसकट तोडली. तेव्हा कीड आवरण्यासाठी परिसरातले सगळे अ‍ॅश काढायचे असंच धोरण होतं आणि एमामेक्टिन बाजारात सर्वत्र मिळू लागलं ते २०१०च्या आसपास. त्यानंतर ज्या झाडांना मी नेमाने औषध दिलं त्यातली बहुतेक आजही उभी आहेत, दर ऑक्टोबरात जांभळी होतात. म्हणून ‘मरणारच’ हे वाक्य मला सहन होत नाही. औषधाशिवाय जवळजवळ नक्की मरेल, औषधाने जवळजवळ नक्की जगेल.

कोणीतरी तुम्हाला सांगेल की आता मित्रकीटक सोडलेत, औषधाची गरज नाही. सोडलेत हे खरं, २००७ पासून, अळीवर आणि अंड्यांवर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्यांच्या आशियातल्या जाती. पण त्यांतल्या सगळ्यात यशस्वी जातीची अंडी घालायची नळी इतकी आखूड आहे की मोठ्या झाडाच्या जाड सालीतून ती अळीपर्यंत पोचतच नाही. पातळ सालीची रोपं त्यांच्यामुळे वाचतायत, उद्याच्या जंगलासाठी ती मोठी आशा आहे. तुमच्या जाड खोडाला त्यांचा आधार नाही.

ठेवायचं ठरलं, तर वर्षाचा क्रम असा. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, पानं पूर्ण उघडल्यावर औषध. आधी एक-दोन दिवस पाऊस नसेल तर झाडाला भरपूर पाणी द्या. कोरड्या मातीत झाड पाणी ओढत नाही, मग औषधही चढत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली तर आठवड्यातून एकदा, नळी सावकाश सोडून, खोडाशी नव्हे तर फांद्यांच्या घेराखाली पाणी द्या. बुंध्याभोवती दोन-तीन इंच लाकडी चुऱ्याचं आच्छादन करा, पण ते खोडाला टेकवू नका. इथे लोक खोडाभोवती वारुळासारखा ढीग घालतात, त्याने साल कुजते. माती तपासल्याशिवाय खत नको. लॉनवर तण मारायचं आणि खत एकत्र असलेलं मिश्रण टाकत असाल तर डब्यावर डायकांबा हे तणनाशक आहे का वाचा, ते झाडाच्या मुळांनाही लागतं. छाटणी ऑक्टोबर ते मार्चमध्येच, उन्हाळ्यातल्या ताज्या जखमा भुंगेऱ्यांना बोलावतात. अ‍ॅशच्या फांद्या समोरासमोर फुटत असल्याने दोन सारख्या जाडीच्या फांद्यांचा अरुंद बेचका होतो आणि बर्फाच्या भाराने तो फाटतो. तज्ज्ञ आलाच आहे तर त्याला तेवढं वर बघायला सांगा.

ओल्या वसंतात कोवळी पानं काळे डाग पडून गळतील. तो बुरशीजन्य करपा, दुसरी पालवी येते. आणि ऑटम पर्पल पानंही लवकर गाळतं, तेव्हा ऑक्टोबरअखेर ते उघडं दिसलं तर काळजी नको.

मोगऱ्याबद्दल. गंमत अशी की तुमची शंका अगदी शास्त्रशुद्ध आहे. अ‍ॅश, मोगरा, जाई, पारिजातक आणि ऑलिव्ह एकाच कुळातले. याच कुळातल्या ‘फ्रिंज ट्री’ या इथल्या शोभेच्या झाडाला ही कीड लागल्याचं २०१४ साली आढळलं. पण मोगऱ्याला लागलेली मी कधी पाहिलेली नाही. मोगरा अ‍ॅशखाली ठेवू नका तो वेगळ्या कारणासाठी: तिथे सावली असेल आणि कळ्या धरणार नाहीत.

काढायचं ठरलं, तर लाकूड तिथल्या तिथे वापरा, कॅम्पिंगला गाडीतून नेऊ नका. केंद्राची वाहतूकबंदी २०२१ साली उठली असली तरी हा भुंगेरा गावोगाव पोचला तो जळणाच्या लाकडातूनच.

आणि ठेवा किंवा काढा, यंदाच एक दुसरं झाड लावा. गेल्या शतकात एल्मच्या रोगाने इथले रस्ते उघडे पडले, तेव्हा लोकांनी ओळीने अ‍ॅश लावले आणि पुढे तेच पुन्हा घडलं. म्हणून आधी तुमच्या गल्लीत कोणतं झाड जास्त आहे ते बघा आणि ते सोडून लावा. जागा मोठी असेल तर बर ओक किंवा केंटकी कॉफी ट्री, दोन्ही तुमच्या इलिनॉयमधलीच. अ‍ॅशपासून किमान पंचवीस-तीस फूट लांब, विजेच्या तारांखाली नाही. खड्डा खणायच्या आधी ८११ ला फोन करा, ते येऊन जमिनीखालच्या गॅसच्या आणि केबलच्या लाइनी फुकट आखून देतात.